उलटायचं राहून गेलेलं पान

काटेवाले मास्तर गेले त्याला दीड महिना झाला. त्यांच्याविषयी काहीतरी लिहून द्या, असं आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. म्हटलं, अहो, माझ्या तोंडून चांगलंच बाहेर पडेल याची हमी कोण देणार? या माणसाच्या दुकानात जाऊन मी एकदा अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं भांडलेय. पाळकसाहेब म्हणाले, "म्हणूनच तुम्ही लिहा." तर लिहितेय. गोडगोड लिहायची मला सवय नाही, आणि त्यांनाही ते रुचलं नसतं.

लोक त्यांना मास्तर म्हणायचे, पण शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नाही. त्यांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं आत आली तर तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. भिंतीला उघडे पडलेले काटे, स्प्रिंगा, पितळी ताटल्या, आणि टेबलावर हिरव्या कापडाचं अस्तर लावलेली लाकडी पेटी. त्या पेटीत त्यांची प्रमाण वजनं असायची. ती उघड्या हाताने उचलायची नाहीत, घामाने वजन वाढतं म्हणे. दुरुस्त झालेल्या काट्यावर ते वजन आधी मधोमध ठेवायचे आणि मग ताटलीच्या चारी कोपऱ्यांवर एकेकदा. मधोमध बरोबर दाखवणारा काटा कोपऱ्यावर सर्रास खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. एखादा फळवाला घाईत असला की वैतागायचा. मास्तर मान वर न करता म्हणायचे, "तू कलिंगड काय मोजून मधोमध ठेवतोस?"

मास्तर हे नाव पडलं ते बुधवारच्या वर्गामुळे. आमच्या चर्चच्या मागे एक लांबट खोली आहे. तिथे बुधवारी संध्याकाळी शास्त्राभ्यास असतो आणि तो संपला की त्याच टेबलावर सगळ्यांचं जेवण. प्रत्येकाने घरून काहीतरी करून आणायचं, मध्ये ठेवायचं, वाटून खायचं आणि मिळून भांडी घासायची. हा वर्ग मास्तरांनी अठरा वर्षं चालवला. जवळ पदवी नाही, कुठल्या पाठशाळेचा शिक्का नाही. ते स्वतःच म्हणायचे, "मला येत नाही म्हणून मी घाबरतो, आणि घाबरतो म्हणून तयारी करतो." एक निळी वही होती. डाव्या पानावर शास्त्रभाग हाताने उतरवलेला आणि उजव्या पानावर त्यांचे प्रश्न: कोणी लिहिलं, कोणाला लिहिलं, आधी काय चाललं होतं, पुढे काय आहे. वर्गात कुणी विचारलं आणि त्यांना ठाऊक नसलं तर ते सरळ सांगायचे, "मला माहीत नाही." पुढे काही नाही, गप्प. मला तर भयंकर राग यायचा. वाटायचं, शिकवायला उभा राहिलास ना बाबा, मग काहीतरी ठोकून दे की!

एका बुधवारी त्यांनी ठोकून दिलं.

झालं असं की त्या दिवसांत वर्गाला दोन तरणेबांड भाऊ यायला लागले होते. यायचे बरोबर शेवटच्या प्रार्थनेला, पोटभर हाणायचे, आणि भांडी गोळा व्हायला लागली की पसार. सलग तीन बुधवार मोठी पातेली मास्तरांनी एकट्याने घासली. चौथ्या बुधवारी धडा संपला, वही मिटली, तेवढ्यात ते दोघे दारातून आत शिरले. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग शास्त्र उघडून भराभर पानं चाळली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि कधी नव्हे त्या आवाजात म्हणाले, "जो काम करत नाही, त्याला खायचा हक्क नाही. हे मी नाही सांगत, इथे लिहिलंय." पुस्तक खाडकन मिटलं आणि जेवणं वाढायला घेतली.

खोटं कशाला बोलू, मला अगदी गार वाटलं. मनात म्हटलं, बरी जिरवली! ते दोघे मात्र निर्लज्जासारखे हसले आणि त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला. माझ्या शेजारी माझे सासरे बसले होते. त्यांनी चमचा खाली ठेवला तो मी पाहिला, पण मला वाटलं हात दुखत असेल.

सासऱ्यांना आम्ही बाबा म्हणायचो. एकतीस वर्षं पोस्टमन होते. गल्ल्यांची नावं विसरतील पण कुणाच्या दाराला घंटा आहे आणि कुणाचं कुत्रं चावतं हे शेवटपर्यंत पाठ. मग हात थरथरायला लागले. आधी पेला सांडायचा, पुढे पत्रांचा गठ्ठाच हातातून सुटायला लागला, आणि मुदतीच्या दोन वर्षं आधीच ते घरी बसले. घरी आले तरी गप्प बसणारा माणूस नव्हे. सकाळी खिडकीत बसून जुन्या बिटावरची घरं एकेक करून आठवायचे आणि त्या त्या घरासाठी प्रार्थना करायचे. मधूनच मला हाक मारून विचारायचे, "सूनबाई, कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या मुलीचं झालं का गं बाळंतपण?" जणू मीच तिथे टपाल टाकते!

त्या बुधवारनंतर त्यांचं जेवण कमी झालं. आधी मला वाटलं माझ्या हाताला काहीतरी झालंय. मीठ कमी केलं, तिखट कमी केलं, भात मऊ केला. ते म्हणायचे, "छान झालंय," आणि अर्ध्या ताटावरून उठायचे. मग मला राग यायला लागला. एक दिवस मी बोलूनच गेले, "आवडत नसेल तर तसं सांगा, हे रोजचं तोंड वाकडं करणं नको!" ते उठून हात धुवायला गेले. माझा नवरा म्हणाला, वय झालंय, भूक मंदावते. वर आणखी एक खूळ सुरू झालं. बाबा काम मागायला लागले. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायचे. बटाटे सोलायला घ्यायचे, आणि थरथरत्या हाताने सालीबरोबर अर्धा बटाटा उडवायचे. मी हातातून सुरी काढून घेतली की म्हणायचे, "राहू दे गं, तेवढंच." ज्या दिवशी घड्या घातल्या त्या दिवशी थोडं जास्त जेवायचे. ज्या दिवशी हात अगदीच चालेनात त्या दिवशी "पोट जड आहे." एवढं डोळ्यांसमोर घडत होतं आणि मला शहाणीला दोन गोष्टी जोडून बघता आल्या नाहीत.

सहा आठवड्यांनी आमच्या इमारतीचा पंप बिघडला. पाणी खालच्या नळावरून आणायचं आणि आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर. मी घरात नव्हते. बाबांनी दोन कॅन उचलले आणि जिना चढायला लागले. दुसऱ्या मजल्यावर पडले. कॅन फुटून पाणी खाली वाहत आलं, त्यावरून शेजारणीला कळलं. दवाखान्यात डॉक्टरने तपासलं, पोट दाबून पाहिलं, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "घरात यांना जेवायला देता ना?" नर्स बघत होती. शेजारीण बघत होती.

घरी आणल्यावर मी त्यांच्या पलंगापाशी बसले आणि रडून विचारलं, "बाबा, माझं काय चुकलं ते सांगा." तेव्हा ते म्हणाले, "तुझं काही नाही गं. काम न करणाऱ्याने खाऊ नये असं शास्त्रात आहे. मास्तरांनी वाचून दाखवलं. मी आयुष्यभर देवाचं ऐकलंय, आता शेवटी पोटासाठी कसं मोडू?"

तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच चपला घालून दुकानात पोचले. मास्तर एक काटा उघडून बसले होते, समोर एक फळवाला उभा होता. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. "तुमच्या जिभेपायी माझा सासरा उपाशी मरतोय," हे त्यातलं सगळ्यात सभ्य वाक्य. फळवाल्याने काढता पाय घेतला.

मास्तरांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. एवढंच विचारलं, "मी काय म्हणालो होतो? नेमके शब्द सांग, पोरी."

मी सांगितले. त्यांनी उठून गल्ल्याखालून निळी वही काढली, तारीख शोधली. त्या दिवसाचा धडा वेगळाच होता. त्या ओळीविषयी वहीत अक्षर नव्हतं. "लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "म्हणजे मी वाचलंही नव्हतं. नुसतं वापरलं." मग शास्त्र उघडलं. ती ओळ त्यांच्या प्रतीत उजव्या पानावर अगदी तळाला होती, शेवटची. त्यांनी ते पान उलटलं आणि मागची बाजू उभ्याउभ्याच वाचली. वाचून झाल्यावर स्टुलावर बसले.

"मी पान उलटलंच नाही," ते म्हणाले.

मला त्याचं काय! मी म्हटलं, "मग आता उठा, घरी चला, आणि सांगा त्यांना की तसं काही नाही. म्हणावं ते जुन्या काळच्या लोकांना सांगितलं होतं, आता लागू नाही. तुमचं ऐकतील ते."

"तसं नाही सांगता येणार."

"का?"

"कारण ते खरं नाही. वचन आहे ते. मी चुकीचं लावलं म्हणून ते पुसलं जात नाही. एकदा माझ्या रागासाठी शास्त्र वाकवलं, आता तुझ्या बाबांसाठी वाकवू?"

"अहो, माणूस जिवानिशी जाईल!"

"कळतंय मला," ते म्हणाले. "पण आज मी थाप मारून त्यांना घास भरवला, आणि उद्या त्यांनी स्वतः हे पान उघडून बघितलं तर? मग ते माझ्यावरच काय, कशावरच विश्वास ठेवणार नाहीत. मला त्यांच्याबरोबर हे पत्र वाचावं लागेल. पहिल्या ओळीपासून."

"तुमचा काटा तुम्हाला लखलाभ!" असं म्हणून मी निघून आले. रस्ताभर मी त्यांना शिव्या घातल्या. माझा सासरा मरायला टेकलाय आणि हा गृहस्थ तत्त्वं सांभाळत बसलाय, असंच मला वाटत होतं.

अर्ध्या तासात दुकान बंद करून ते आमच्या दारात हजर झाले. बाबांच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "दादा, मी तुमचा अपराधी आहे." बाबा कसनुसे हसले. "तुम्ही काय मनचं बोललात, मास्तर? पुस्तकात होतं तेच बोललात." "पुस्तकात आहे त्याच्यापेक्षा कमी बोललो," मास्तर म्हणाले. "आणि जेवढं बोललो ते दुसऱ्यांवर डोळा ठेवून बोललो."

ते शास्त्रातलं एक छोटंसं पत्र. तीनच अध्याय. प्रेषिताने एका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं. पहिल्या दिवशी मास्तरांनी पहिला अध्याय वाचला. त्यात ते लोक छळ सोसत होते, तरी एकमेकांवरचं त्यांचं प्रेम वाढत होतं, असं कौतुक आहे. मी आत गॅसपाशी उभी, हातात सुपाची वाटी. वाटी नेली तर बाबांनी मानेनेच नको म्हटलं. मास्तरांनीही आग्रह केला नाही. मला वाटलं, आग्रह करायला काय जीभ झडते याची!

दुसऱ्या दिवशी दुसरा अध्याय. प्रभूच्या परत येण्याचा दिवस आलाच आहे अशी अफवा कुणीतरी पसरवली होती आणि लोक बावरले होते. आमच्या नावाने एखादं पत्र आलं तरी गडबडून जाऊ नका, असं प्रेषित सांगतो. बाबा उशीवरून अर्धे उठले. "म्हणजे खोटी पत्रं? त्या काळीसुद्धा?" कित्येक आठवड्यांनी त्यांचा तो पोस्टातला आवाज ऐकला मी. मास्तर म्हणाले, "तशी शंका दिसतेय. शेवटी तो स्वतःच्या हाताने सही करतो, तीच खूण म्हणून सांगतो. उद्या येईल ते." बाबा म्हणाले, "बरोबर. सही बघितल्याशिवाय बोलू नये." त्या दिवशी त्यांनी चार चमचे सूप घेतलं, पण आधी मला मोज्यांच्या जोड्या लावून दिल्या.

तिसऱ्या दिवशी मी मास्तरांना जिन्यातच गाठलं. हात जोडून म्हटलं, "ती ओळ आज वाचू नका. तेवढी गाळा." ते म्हणाले, "नाही गाळता येणार, पोरी," आणि वर गेले. वाटलं, हातातलं पातेलं फेकून मारावं.

त्यांनी ती ओळ वाचली. हळू वाचली, आणि ज्यांना काम करायचंच नाही अशांबद्दल हे आहे, असं सांगितलं. मी दारातून म्हटलं, "झालं तर! बाबांना करायचं आहे, पण होत नाही. संपला विषय."

बाबांनी छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "सूनबाई, तुला माहीत नाही. मला पोस्टाने बसायचं काम दिलं होतं. मागच्या खोलीत शिक्के मारायचे. तीन दिवस केलं. शिक्का वाकडा पडायचा आणि ती पोरं हसायची. चौथ्या दिवशी मी गेलोच नाही. घरी सांगितलं, त्यांनी सोडलं म्हणून. करता आलं असतं मला. मीच केलं नाही. मला करायचंच नव्हतं. मास्तरांनी ती ओळ वाचली ना, तेव्हा मला वाटलं, देवाने माझं नाव घेतलं."

आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही नाही. मी मास्तरांकडे पाहिलं. आता तरी म्हणेल, छे हो दादा, तसं नसतं. कुठलाही भला माणूस म्हणाला असता. मास्तर म्हणाले, "ती भीती होती की आळस, मला माहीत नाही, दादा. ते मी ठरवू शकत नाही. पण पत्र अजून संपलेलं नाही." आणि त्यांनी पुस्तक बाबांच्या मांडीवर ठेवलं. "हे पान तुम्ही उलटा."

बाबांच्या बोटांना पानाचा कोपरा सापडत नव्हता. दोनदा निसटला. मास्तर हात मांडीवर ठेवून बसून राहिले. तिसऱ्यांदा पान उलटलं.

पुढे लिहिलं होतं की चांगलं करताना थकू नका. मग लिहिलं होतं, ऐकत नाही त्याच्याशी संबंध ठेवू नका, म्हणजे त्याला लाज वाटेल. बाबा म्हणाले, "हे बघा. हेही आहेच." "आहे," मास्तर म्हणाले. "तेही वाचायचं. आता त्याच्या पुढचं." पुढे होतं की तरीही त्याला शत्रू समजू नका, भाऊ समजून समजावा.

बाबांनी ते परत वाचायला लावलं. मग आणखी एकदा. मग विचारलं, "म्हणजे मी तोच माणूस असलो तरी?"

"तुम्ही तोच माणूस असलात तरी," मास्तर म्हणाले. "हे पत्र कुणालाही घरात एकट्याने उपाशी मरायला सांगत नाही. ज्याला रागवायचं तोही आपला भाऊ, असं सांगतं. मी ही ओळ यायच्या आधीच थांबलो. ही वाचली असती तर त्या दिवशी तो आवाज माझ्या घशातून निघालाच नसता." आणि हा एवढा तोलूनमापून बोलणारा माणूस आमच्या खुर्चीत बसून ढसाढसा रडला.

बाबा त्यांचा हात धरून थोपटत राहिले. मग मला म्हणाले, "सूनबाई, सूप आहे का गं? दोन वाट्या आण. सही जेवल्यावर बघू." त्या दिवशी त्यांनी काहीही काम केलं नव्हतं.

पुढच्या बुधवारी मास्तर टेबलाच्या टोकाला उभे राहिले. काय बोललो, का बोललो, कुठे थांबलो आणि पुढे काय होतं, सगळं सांगितलं. बाबांचं नाव कुठेच घेतलं नाही. चर्चच्या वडीलधाऱ्यांपैकी एक जण म्हणाले, "मास्तर, एवढं चारचौघांत कशाला? लोकांचा शिकवणाऱ्यांवरचा विश्वास उडेल." मास्तर म्हणाले, "चारचौघांतच बोललो होतो." त्या दिवशी कोण कोण हजर होतं याची त्यांनी यादी केली होती, सव्वीस नावं. पाच जण आज आले नव्हते, त्यांच्या घरी जाऊन त्यांनी तेच सगळं पुन्हा सांगितलं. त्यात ते दोघे भाऊही होते. त्यांना तर काही आठवतच नव्हतं! एकाने विचारलं म्हणे, "जेवणाचं काही बोलला होतात का, मास्तर?"

मग त्यांनी शिकवणं सोडलं. सव्वा वर्ष बाकावर बसून ऐकत होते आणि भांडी घासत होते. पाळकसाहेबांनी पुन्हा गळ घातली तेव्हा त्यांनी एक अट घातली. बुधवारचा धडा मंगळवारी आधी आमच्या घरी, बाबांसमोर वाचणार. बाबांना तो खटकला तर वर्गात जाणार नाही.

ते मंगळवार मला अजून आठवतात. बाबा खिडकीत, मास्तर वही घेऊन समोर, मी चहा घेऊन मध्ये लुडबुडणारी. बाबांचा ठरलेला प्रश्न असायचा, "याच्या आधी काय आहे? आणि पान संपलं का?" पुढे पुढे मीही तोंड घालायला लागले. एकदा मुलांच्या आशीर्वादाचा धडा होता. मी म्हटलं, "मास्तर, तुमच्या डावीकडे तिसरी बसते तिला मूल नाही. ती हे ऐकून घरी काय घेऊन जाईल?" त्यांनी वही खाली ठेवली आणि तो धडा पुन्हा पहिल्यापासून लिहिला. वहीत उजव्या पानावर एक नवा प्रश्न आला: समोर कोण बसलंय. खाली नावं नसायची, नुसतं "मूल नसलेली", "घर सोडून आलेला", "हात थरथरणारे" असं. बाबांनी ते शेवटचं वाचलं आणि हसून म्हणाले, "आम्हाला घेतलंत का यादीत!"

बाबा त्यानंतर चार वर्षं जगले. भर दुपारी, खिडकीतच गेले. पुढच्या मंगळवारी दार वाजलं तर मास्तर वही घेऊन उभे. म्हणाले, "आता तूच ऐक." मी ऐकत राहिले, भांडत राहिले, सहा वर्षं.

गेल्या वर्षी मास्तरांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. दुकानाला कुलूप लागलं. बायको आधीच गेलेली, मुलगा दूरदेशी. मंडळीने पाळ्या लावल्या आणि मंगळवार आपसूक माझ्याकडे आला. पहिल्या मंगळवारी मी सूप घेऊन गेले, चमचा तोंडाशी नेला, त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं भूक नसेल. दुसऱ्या मंगळवारीही तेच. आदल्या दिवसाची पाळी करणारी म्हणाली, माझ्याकडूनही दोन घासांच्या वर घेत नाहीत. मी चिडून म्हटलं, "मास्तर, काय लहान मुलासारखं चाललंय?" त्यांनी ओठ हलवले. बऱ्याच वेळाने दोन शब्द निघाले.

"काम... नाही."

मी चमचा वाटीत ठेवला. ज्या माणसाने तीन दिवस बसून माझ्या सासऱ्याला ते पत्र समजावलं, ज्याला त्याचा प्रत्येक शब्द ठाऊक होता, तोच आता भिंतीकडे तोंड करून पडला होता. एकदा रागाच्या भरात बोललेली ओळ अकरा वर्षांनी घर शोधत आली होती. मला त्यांचा राग आला, कीव आली, आणि बाबांची एवढी आठवण आली की मी तिथेच रडले.

मग डोळे पुसले आणि फळीवरून त्यांचं शास्त्र काढलं. तीच प्रत. ते पान शोधावंच लागलं नाही, पुस्तक आपोआप तिथेच उघडलं. उजव्या पानाचा खालचा कोपरा बोटांनी काळा झाला होता. मी ते त्यांच्या छातीवर धरलं आणि म्हटलं, "पहिल्या अध्यायापासून सुरू करू? मला वेळ आहे. तीन दिवस लागले तरी चालतील."

मास्तरांनी पुस्तकाकडे पाहिलं. मग त्यांनी डावा हात उचलला. कोपरा दोनदा निसटला. मी मदत केली नाही, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. तिसऱ्यांदा पान उलटलं, आणि त्यांनी माझ्याकडे वळून तोंड उघडलं.

सूप गार झालं होतं. त्यांनी सगळं संपवलं.